सहा नवे, एक जुना : महाविद्यालयातील गटमार्गदर्शन कसे चालते

जूनच्या अखेरीस, पाऊस चांगला लागलेला असताना, वाळपईहून पणजीकडे निघालेल्या सकाळच्या बसमध्ये नुकतीच बारावी झालेली एक मुलगी बसली आहे असे समजू. तिच्या पिशवीत महाविद्यालयाने दिलेले वेळापत्रक आहे आणि त्यावर मेजर, मायनर, एमडीसी, एईसी, एसईसी, व्हीएसी अशी अक्षरे छापलेली आहेत. मेजर म्हणजे मुख्य विषय हे तिला कळते, मायनर म्हणजे जोडविषय असावा असा तिचा अंदाज आहे, पुढच्या अक्षरांपाशी मात्र अंदाजही थांबतो. पहिल्या तासाला प्राध्यापक ही सारी रचना वीस मिनिटांत समजावतात आणि शेवटी विचारतात, “कोणाला काही शंका?” वर्गात साठ मुले आहेत आणि एकही हात वर होत नाही. ती आजूबाजूला पाहते, सगळे शांत बसलेले दिसतात, आणि तिच्या मनात येते की सगळ्यांना समजले, आपल्यालाच तेवढे समजले नाही. गंमत अशी की त्याच क्षणी शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्याकडे पाहून नेमके हेच ठरवत असते.

या शांततेचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. तिचे शास्त्रीय नाव बोजड असल्यामुळे आपण तिला ‘सगळ्यांचा सारखाच गैरसमज’ म्हणू. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मुद्दाम क्लिष्ट लिहिलेला एक मजकूर वाचायला दिला आणि फारच अडले तर बाहेर येऊन विचारावे असे सांगितले. विचारायला कोणीच गेले नाही. नंतर चौकशी केल्यावर असे दिसले की, आपण गप्प राहिलो ते लाजेमुळे असे प्रत्येकाला वाटत होते, पण इतर गप्प राहिले ते त्यांना समजले असावे म्हणून, असाही प्रत्येकाचा समज होता. म्हणजे स्वतःच्या मौनाचा अर्थ संकोच आणि दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ ज्ञान, असा हा दुहेरी हिशेब असतो. महाविद्यालयाच्या पहिल्या काही आठवड्यांत नवा विद्यार्थी हाच हिशेब रोज करत असतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या स्वतःच्या खात्यावर तूट दिसते.

गटमार्गदर्शन समजून घ्यायचे असेल तर सुरुवात येथून करावी असे मला वाटते. सहसा त्याची व्याख्या ‘अनुभवी व्यक्तीने अनेक नवख्यांना एकत्र मार्गदर्शन करणे’ अशी केली जाते. ती चुकीची नाही, पण तिच्यात गट ही केवळ वेळ वाचवण्याची सोय ठरते, जणू माणसे पुरेशी असती तर प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक देता आला असता आणि गटाची गरजच उरली नसती. प्रत्यक्षात गटाला असे एक काम करता येते जे सर्वोत्तम मार्गदर्शकालाही एकट्याने करता येत नाही. ‘मलाही हे समजले नव्हते’ हे वाक्य बरोबरीच्या मुलाने उच्चारणे, हे ते काम होय. प्राध्यापकाने “घाबरू नका, सगळ्यांचे असेच होते” असे कितीही प्रेमाने सांगितले तरी नवा विद्यार्थी त्याकडे धीराचे शब्द म्हणूनच पाहतो. तीच गोष्ट समोर बसलेल्या फोंड्याच्या मुलाने आपल्या तोंडाने सांगितली की मग ती माहिती होते.

रचना म्हणून गटमार्गदर्शन साधे असते. पाच ते आठ नवे विद्यार्थी, त्यांच्यासोबत दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी, आणि अशा काही गटांच्या पाठीशी एक प्राध्यापक. गट ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाऊण ते एक तास भेटतो आणि हे किमान एक सत्र चालते. हा शिकवणीचा वर्ग नसतो, कारण येथे अभ्यासक्रम पुरा करायचा नसतो. हे समुपदेशनही नसते, कारण मार्गदर्शक विद्यार्थी त्या कामासाठी प्रशिक्षित नसतो आणि त्याने तसा आव आणू नये. कॅथी क्रॅम या अमेरिकन अभ्यासिकेने १९८० च्या दशकात नोकरीच्या ठिकाणच्या मार्गदर्शनाचा अभ्यास करताना मार्गदर्शकाच्या कामाचे दोन भाग पाडले होते. एक, कामात पुढे जाण्यासाठी लागणारी मदत, आणि दुसरे, माणूस म्हणून मिळणारा आधार. महाविद्यालयातही हे दोन्ही लागतात. जोडविषयाचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हा पहिल्यातला प्रश्न झाला आणि मधल्या सुट्टीत डबा कोणासोबत खायचा हा दुसऱ्यातला. दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर आपण आपले पहिले वर्ष विसरलो आहोत.

या विषयाकडे पाहताना गोव्याचा एक संदर्भ लक्षात ठेवावा लागतो. मुक्तीनंतर कला, विज्ञान, वाणिज्य या शाखांची पहिली महाविद्यालये येथे १९६२ मध्ये निघाली आणि गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्रातून चालत असे. म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणाचा इतिहास येथे दोन-तीन पिढ्यांचाच आहे, आणि पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या कित्येक घरांत पदवीच्या वर्गात बसणारी व्यक्ती आजही पहिलीच असते. ज्या घरात काका, आत्या, थोरली बहीण यांपैकी कोणी तरी हे सारे पार केलेले असते, तेथे सत्र, अंतर्गत गुण, पुनर्परीक्षा हे शब्द जेवताना कानावर पडलेले असतात. ज्या घरात तसे कोणी नसते, तेथे आईवडिलांची माया तेवढीच असते पण विचारायला माणूस नसतो. दुसऱ्या वर्षाचा मार्गदर्शक हा अशा विद्यार्थ्याला महाविद्यालयाने उसना दिलेला थोरला भाऊ किंवा थोरली बहीण असते.

शीर्षकातला ‘सहा’ हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या राघवन समितीच्या २००७ च्या अहवालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम काढले. ते बहुतेकांना शिक्षांच्या तरतुदींमुळे आणि प्रवेशाच्या वेळी भरून द्याव्या लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रामुळे माहीत असतात. त्यांतच एक कमी वाचली जाणारी तरतूद आहे. प्रत्येक संस्थेने स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शन कक्ष स्थापन करावा, सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्या वरच्या पातळीवरचा एक मार्गदर्शक असावा, असे ती सांगते. नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवावा, हेही त्यात आहे. हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षाला २१६ विद्यार्थी असतील तर दुसऱ्या वर्षातले ३६ मार्गदर्शक लागतील आणि त्या ३६ जणांकडे पाहायला तिसऱ्या वर्षातले ६. कोणत्याही मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला हे जमण्यासारखे आहे. ज्या वरच्या वर्गांची नव्या मुलांना भीती वाटत होती त्यांच्याच हाती त्यांची काळजी द्यावी, ही या तरतुदीतली युक्ती मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. ज्याच्यावर जबाबदारी पडते तो सहसा छळ करत नाही, आणि एखादा करू लागलाच तर वरच्या पातळीवरचे कोणी तरी पाहत असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रारंभीचे परिचयसत्र. आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने त्याची मार्गदर्शिका काढली आणि अभियांत्रिकी शिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्याआधीच तीन आठवड्यांचा आराखडा आखला होता. दोन्हींत नव्या मुलांचे प्राध्यापकांशी आणि वरच्या वर्गांशी नाते जुळावे यावर भर आहे. कागदावर हे सर्व उत्तम आहे. व्यवहारात परिचयसत्राचे अनेकदा भाषणसत्र होते. सभागृहात तीनशे मुले बसतात, व्यासपीठावर ओळीने मान्यवर बोलतात, आणि मुले मागच्या रांगेत मोबाईल पाहतात. तीनशेंच्या सभागृहात तो जुना दुहेरी हिशेब आणखी पक्का होतो, कारण तेथे गप्प बसणारे अधिक दिसतात.

कागदाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचे प्रमाण किती हा एक निकष ठेवला गेला, त्यामुळे बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे वीस-तीस विद्यार्थी लिहिलेले असतात. मी शिकवत असलेल्या एका महाविद्यालयात समितीच्या भेटीच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या भेटींच्या नोंदी दोन दुपारी बसून भरल्या गेल्या, आणि भरणाऱ्यांत मीही होतो. त्या नोंदींत प्रत्येक विद्यार्थ्याची ‘अडचण’ आणि ‘उपाय’ असे दोन रकाने होते. ऐंशी टक्के मुलांची अडचण ‘वेळेचे नियोजन’ आणि उपाय ‘समुपदेशन केले’ असा होता. त्या मुलांपैकी निम्म्यांशी आम्ही एकही वाक्य बोललो नव्हतो. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. एका प्राध्यापकाने तीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी अर्धा तास द्यायचा म्हटला तर एका फेरीला पंधरा तास लागतात, आणि तासिका, चाचण्या, कार्यालयीन कामे सांभाळून सत्रात अशा तीन फेऱ्या करणे अशक्य असते. गटाची गरज येथे हिशेबातूनही सिद्ध होते, पण निव्वळ हिशेबासाठी केलेला गट शेवटी वहीतच राहतो.

मग खरा गट चालतो तो कसा? पहिला प्रश्न आकाराचा. पंचेचाळीस मिनिटांच्या भेटीत मार्गदर्शकासह सात जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटांहून थोडे अधिक बोलणे येते, वीस असतील तर दोन मिनिटे. सहा मुलांत एकमेकांशी जुळू शकणाऱ्या जोड्या पंधरा होतात, वीस मुलांत १९०, म्हणजे वीसांच्या गटात कोण कोणाशी बोलले नाही हे कोणालाच कळत नाही. सहांत गप्प राहणारा लगेच दिसतो. तीन-चारांचा गट मात्र नको, कारण दोघे गैरहजर राहिले की उरलेल्यांना अवघडल्यासारखे होते आणि भेट बंद पडते. पावसाळ्यात, झाड पडून रस्ता अडला म्हणून मुले न येण्याचे दिवस आपल्याकडे असतातच.

दुसरा प्रश्न कोणाला कोणासोबत ठेवायचे हा. येथे मतभेद आहेत. एकाच गावची मुले एका गटात ठेवली तर ती लवकर मोकळी होतात, पण मग गावातलीच ओळख महाविद्यालयात आणल्यासारखे होते. सगळे अनोळखी ठेवले तर पहिल्या दोन भेटी नुसत्या नावे सांगण्यात जातात. मला स्वतःला पटलेली रीत अशी आहे : मुख्य विषय सर्वांचा एक असावा, तालुके वेगवेगळे असावेत, पण कोणीही आपल्या बसमार्गावरचा एकटा नसावा. जाता-येता दीड तास शेजारी बसणाऱ्या दोघांत जे बोलणे होते ते कोणत्याही बैठकीत होत नाही. मुलींच्या बाबतीतही हेच लागू करावे. मुलांनी भरलेल्या गटात एकच मुलगी ठेवू नये, निदान दोघी असाव्यात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या टारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी अभियांत्रिकीच्या १५० विद्यार्थिनींवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना पहिल्या वर्षी वरच्या वर्गातली मुलगी मार्गदर्शक म्हणून दिली, काहींना मुलगा, तर काहींना कोणीच नाही. ज्यांना मुलगी मार्गदर्शक मिळाली त्यांच्यापैकी एकीनेही पहिल्या वर्षाअखेर अभियांत्रिकी सोडली नाही, बाकीच्या दोन्ही गटांत मात्र गळती झाली. हे मार्गदर्शन एकास एक होते, त्यामुळे त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे गटाला लावता येणार नाहीत. मार्गदर्शक कोण आहे याने फरक पडतो, एवढे मात्र त्यातून घ्यावे.

वेळेचा प्रश्न गोव्यात बसच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. काणकोणहून पणजीला येणारा विद्यार्थी एका बाजूला सुमारे ७० किलोमीटर प्रवास करतो. त्याला दुपारी साडेचारनंतर थांबा म्हणणे म्हणजे येऊ नको म्हणणे होय. गटाची वेळ वेळापत्रकाच्या आतच, दुपारच्या रिकाम्या तासाला असावी आणि तो तास प्राचार्यांनी सर्व वर्गांसाठी राखून ठेवावा. हे एवढे एक केले नाही तर बाकी सारी योजना दोन आठवड्यांत संपते. पहिली भेट पहिल्याच आठवड्यात व्हावी आणि पुढचे सहा आठवडे ती दर आठवड्याला व्हावी, त्यानंतर पंधरवड्याने चालते. याला कारण आहे. आपल्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, सुट्टीत सारी मुले घरी जातात, आणि सुट्टीनंतर पुन्हा यायचे की नाही, हा विषय आपला की नाही, हे बऱ्याच जणांच्या मनात घरीच ठरते. तोपर्यंत महाविद्यालयात आपली वाट पाहणारी चार माणसे झालेली असतील तर पाय परत वळतो.

आता एका भेटीत काय घडते ते पाहू. मार्गदर्शक मुलगी तिसऱ्या वर्षात आहे. ती सुरुवातीला उत्तर देत नाही, विचारते : या आठवड्यात असे काय घडले की तुम्ही कोणाला विचारू शकला नाहीत? पहिल्यांदा कोणीच बोलत नाही. मग ती स्वतःचे सांगते. पहिल्या सत्रात तिला ‘क्रेडिट’ म्हणजे काय ते ऑगस्टपर्यंत ठाऊक नव्हते आणि क्रेडिट म्हणजे गुण असे ती समजत होती. येथे एक-दोघे हसतात, कारण तेही तसेच समजत असतात. आता समजावणे सोपे होते. आठवड्याला एक तास असे पंधरा आठवडे व्याख्यानाला बसले की एक क्रेडिट. प्रयोगशाळेचे काम असेल तर त्यासाठी तीस तास. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात वर्षाला किमान ४० क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. वर्षभरानंतर थांबावे लागले तर ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम यांवर प्रमाणपत्र मिळते, आणि मिळवलेली क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत नावावर राहतात. ही माहिती संकेतस्थळावर आहे, पुस्तिकेत आहे, प्राध्यापकांच्या भाषणातही होती. तरीही ती कळते ती येथे, कारण न समजण्याची लाज आधी वाटून घेतली गेली.

मार्गदर्शकाने शिकायची एक नाजूक गोष्ट अशी की विचारलेल्या प्रश्नाच्या मागे बहुधा न विचारलेला प्रश्न असतो. “मायनर बदलता येतो का?” असे विचारणाऱ्याला नियम हवा असतो, पण त्याहून अधिक, ‘मी चुकीच्या वर्गात येऊन बसलो का’ ही भीती सांगायची असते. नियम सांगून मोकळा होणारा मार्गदर्शक माहिती कक्षाचे काम करतो. “का रे, काय झाले?” एवढे विचारून गप्प राहणारा गटाला बोलते करतो. बऱ्याचदा उत्तर मार्गदर्शकाकडून येतही नाही, “मलाही तो विषय जड जातोय, आपण दोघे बसू या का?” असे समोरूनच येते. अशा वेळी मार्गदर्शकाने मध्ये पडू नये.

अभ्यासाच्या मदतीबाबत एक जुना आणि शहाणा दाखला आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील संकुलात १९७३ मध्ये डियाना मार्टिन यांनी पूरक शिक्षणाची एक पद्धत सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ‘कच्चे विद्यार्थी’ निवडले नाहीत, ‘अवघड विषय’ निवडले. ज्या विषयात बरीच मुले नापास होतात त्या विषयाला जोडून, तो आधी चांगल्या गुणांनी पार केलेल्या विद्यार्थ्याच्या सोबतीने गटाने अभ्यासाला बसायचे, आणि येथे कोणीही यावे. मदत विषयाला चिकटवली, मुलाला नाही, त्यामुळे तेथे जाण्यात कमीपणा राहिला नाही. आपल्याकडे ‘मंदगती विद्यार्थी’ असा रकाना करून त्यांची यादी फलकावर लावणाऱ्या संस्थांनी या एका फरकाचा विचार करावा.

भाषेचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. येथील पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. घरी आणि बसस्थानकावर कोकणी, वाचायला आणि भजनाला मराठी, वर्गात इंग्रजी, अशी तीन भाषांची घडी त्यांच्या डोक्यात असते. शिवाय बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडून येणारी मुले मालवणी आणि मराठी घेऊन येतात. महाविद्यालयात आल्यावर इंग्रजी व्याख्यान साधारण समजते, पण प्रश्न इंग्रजीत उभा राहत नाही, आणि मोडक्या इंग्रजीत विचारण्यापेक्षा न विचारणे बरे वाटते. गटाने यावर एक साधी रीत ठेवावी. प्रश्न आधी आपल्या भाषेत मांडायचा, गटाने मिळून तो इंग्रजीत करायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचा प्रश्न त्यानेच तो प्राध्यापकांना विचारायचा. उत्तर गटातच मिळाले असले तरीही विचारायचा. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा गटाची मदत लागत नाही. ‘येथे इंग्रजीतच बोलायचे’ असा नियम करणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू सरावाचा असतो, पण ज्या मौनासाठी गट केला तेच मौन ते परत आणतात.

मार्गदर्शक फार मोठा का नसावा, हे आपल्या भजनाच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. नव्या मुलाला झांज कशी धरायची हे बुवा दाखवत नाहीत, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा मुलगा दाखवतो. चूक कोठे होते हे त्याला अजून ताजे आठवत असते. बुवांना ताल इतका मुरलेला असतो की तो चुकू शकतो हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या जवळ असतो तो असा. अडचण इतकीच की तो चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतो. ७५ टक्के हजेरीचा नियम असताना ‘आमच्या वेळी कोणी बघत नव्हते’ असे सांगणारा मार्गदर्शक एखाद्याला परीक्षेला मुकवू शकतो. म्हणून गटाच्या पाठीशी प्राध्यापक लागतो आणि ‘मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य मार्गदर्शकाला प्रशिक्षणातच घोटून घ्यावे लागते.

प्रशिक्षण दोन दिवसांचे पुरते, पण त्यात मर्यादा स्पष्ट झाल्या पाहिजेत. गटातले बोलणे बाहेर सांगायचे नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, छळाची तक्रार आली किंवा कोणी स्वतःला इजा करण्याबद्दल बोलले, तर ते गुपित ठेवायचे नाही, त्याच दिवशी प्राध्यापकांना सांगायचे. हे गटाला पहिल्या भेटीतच सांगून ठेवावे. ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, तो क्रमांक प्रत्येकाच्या वहीत असावा. मार्गदर्शकाने गटातल्या कोणाकडून झेरॉक्स, चहा, प्रयोगवही असली कामे करून घेऊ नयेत, हेही सांगावे लागते. रॅगिंगची सुरुवात पुष्कळदा अशाच हसतखेळत सांगितलेल्या कामांतून होते.

संशोधनातून आणखी एक इशारा मिळतो आणि तो संस्थांसाठी आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या एका बैठकीत वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले होते. सुरुवातीला आपण येथे उपरे आहोत असे जवळजवळ सर्वांनाच वाटते आणि ते हळूहळू निवळते, हे त्या अनुभवांचे सार होते. एवढ्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारलेले दिसले. हे वाचून अनेकांना वाटले की एक पत्रक वाटले की झाले. पुढे २०२३ मध्ये २२ संस्थांतील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात असे आढळले की ही कल्पना लागू पडते ती, ज्या संस्थेत त्या विद्यार्थ्यांना आपलेसे वाटण्याची प्रत्यक्ष संधी असते तेथेच. ‘तुम्ही आमचेच आहात’ असे सांगायचे आणि बसायला कट्टाही द्यायचा नाही, असे चालत नाही.

पैशाच्या अडचणीही गट सोडवू शकत नाही. शिष्यवृत्ती अडकली असेल, घरचा मिळवता माणूस आजारी असेल, संध्याकाळी हॉटेलात काम करून मुलगा सकाळच्या तासाला झोपत असेल, तर सहा मुलांनी गोल बसून त्याचे काही होणार नाही. गट एवढे करू शकतो की हे वेळेत कोणाच्या तरी लक्षात येते आणि अर्जाची तारीख उलटून जाण्याआधी कार्यालयाच्या खिडकीपाशी त्याच्यासोबत कोणी तरी उभे राहते. पुढचे काम कार्यालयाचे आहे, आणि ते कार्यालयाने मार्गदर्शकावर ढकलू नये.

ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्यांनाही हे सारे लागू पडते, फक्त तेथे गटाचे आयुष्य कमी असते, कारण अभ्यासक्रमच दोन वर्षांचा. एकविशीतल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाची गरज नसते असा एक समज आहे. वेगवेगळ्या महाविद्यालयांतून आलेली, प्रत्येक ठिकाणी पहिल्या पाचांत असलेली मुले एका वर्गात आली की तो दुहेरी हिशेब अधिकच कडक होतो.

गट कधी संपवायचा, हेही ठरवावे लागते. क्रॅम यांनी मार्गदर्शनाच्या नात्याचे चार टप्पे सांगितले होते : सुरुवात, भर, दुरावा आणि नव्याने जुळणी. यातला दुरावा हे अपयश नाही. दुसऱ्या सत्रात मुले भेटीला येईनाशी होतात आणि उपाहारगृहात मात्र एकत्र दिसतात, तेव्हा मार्गदर्शकाने नाराज न होता शेवटची भेट ठरवावी. त्या भेटीत एकच काम करावे. वर्षभर गटात आलेले प्रश्न एका वहीत नावे न घालता उतरवून काढावेत आणि ती वही पुढच्या जूनमध्ये नव्या मार्गदर्शकाला द्यावी. माझ्यापाशी अशा एका वहीची प्रत आहे. तिच्यात क्रेडिटचे, हजेरीचे, पुनर्परीक्षेचे प्रश्न आहेत, एका पानावर ‘सरांना भेटायला आधी विचारावे लागते का’ असे आहे, आणि शेवटच्या पानावर, वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत लिहिलेले : ‘शेवटची बस चुकली तर कोणाकडे राहायचे?’ खाली गटातल्याच कोणी तरी ताळगावातल्या एका घराची खूण लिहून ठेवली आहे.